मेडाका पाळायचेत? जपानचं नव्हे, माळव्याचं कॅलेंडर लावा

मेडाका हा जपानमधला भातखाचरांतला मासा. पूर्ण वाढला तरी तीन-चार सेंटिमीटर. तोंड वरच्या बाजूला वळलेलं, डोळे मोठे, पोहणं पृष्ठभागालगत. फार किंमती यंत्रं लागत नाहीत, जागा कमी लागते आणि घरच्या घरी अंडी देतो, म्हणून नवशिक्यांना मी गप्पीच्या खालोखाल हाच सुचवतो. अंगाने काटकही आहे. जुलै 1994 मध्ये कोलंबिया यानातून चार मेडाका अंतराळात गेले, तिथे त्यांनी अंडी घातली आणि त्यातून पिल्लंही निघाली. अंतराळात प्रजनन करणारा पहिला पृष्ठवंशी प्राणी हाच.

असा मासा इंदूरमध्ये मात्र पटापट मरतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पाळण्याच्या ज्या सूचना आपल्यापर्यंत पोहोचतात त्या जपानच्या ऋतूंवर बेतलेल्या असतात: वसंतात टब बाहेर ठेवा, उन्हाळाभर अंडी घ्या, हिवाळ्यात बर्फाखाली झोपू द्या. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर टब ठेवला तर मासे शिजतात. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या माळव्याच्या हवेप्रमाणे लावलेल्या आहेत. बडोद्याला किंवा ग्वाल्हेरला राहत असाल तर महिने थोडे पुढेमागे करा. ग्वाल्हेरची थंडी आणि उन्हाळा दोन्ही आपल्यापेक्षा कडक, हे धरून चाला.

1. आधी ऊन आणि दिवस समजून घ्या

मेडाका अंडी केव्हा देणार हे दोन गोष्टी ठरवतात: पाण्याचं तापमान आणि उजेडाचे तास. पाणी 20 अंशांच्या वर आणि उजेड साधारण 13 तासांहून जास्त, असं जुळलं की मादी रोज अंडी देते. 24 ते 28 अंश आणि 14 तास उजेड हे सगळ्यात सोयीचं.

आता गंमत बघा. टोकियोत जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साडेचौदा तासांचा असतो. इंदूर कर्कवृत्ताच्या जवळ, त्यामुळे आपला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम साडेतेरा तासांचा. 13 तासांच्या वरचा उजेड आपल्याला मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच मिळतो, आणि त्यातला निम्मा काळ पारा चाळिशीच्या आसपास असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा दसऱ्यानंतर पाणी अगदी छान असतं, पण दिवस लहान. मासे धडधाकट दिसतात, खातात, पण अंडी नाहीत. लोक मग खाद्य बदलतात, औषधं घालतात, दुकानदाराला बोल लावतात. खरं तर हवा असतो फक्त टायमर लावलेला दिवा.

वर्ष असं पाडा:

पौष-माघात (साधारण मध्य डिसेंबर ते मध्य फेब्रुवारी) विश्रांती. फाल्गुन ते मध्य एप्रिल घरातल्या टाकीत, दिव्याखाली पहिली वीण. मध्य एप्रिल ते पाऊस येईपर्यंत फक्त जीव वाचवणं, वीण नाही. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला, गच्चीवरच्या टबात नैसर्गिक उजेडात दुसरी वीण. आणि दसऱ्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत हवी असेल तर पुन्हा घरात, दिव्याखाली.

2. सामान

एकदम सगळं आणू नका. सुरुवातीला एवढं पुरे:

- काचेची टाकी, दोन फूट लांब, एक फूट रुंद. उंची कमी चालेल. या माशाला खोलीपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा.
- स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप, हवा कमी-जास्त करायच्या कॉकसह. जोरदार फिल्टर नको. हा संथ पाण्यातला मासा आहे, दिवसभर प्रवाहाशी झुंजत राहिला तर वाळतो.
- झाकण किंवा जाळी. मेडाका उडी मारतात.
- साधा एलईडी दिवा आणि प्लगमध्ये बसणारा टायमर.
- थर्मामीटर.
- हायड्रिला किंवा जावा मॉस यांसारखी पाणवनस्पती, आणि अंड्यांसाठी गडद हिरव्या ॲक्रिलिक लोकरीचा झुपका. खरी लोकर किंवा सुती दोरा पाण्यात कुजतो.
- दोन-तीन उथळ डबे. श्रीखंडाचे पांढरे डबे उत्तम.
- थर्माकोलची पेटी, झाकणासह. औषधविक्रेत्यांकडे लशी आणि इन्शुलिन ज्या पेट्यांतून येतं त्या मागून घ्या, बहुतेक वेळा फुकट मिळतात.
- बारीक जाळीचं नेट, मेथिलिन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध), खडा मीठ, क्लोरीन काढायचे थेंब.
- भिंग. सराफ्यात सोनाराकडे असतं तसं डोळ्याला लावायचं छोटं भिंग मिळालं तर सोन्याहून पिवळं. का, ते पुढे येईलच.

3. पाणी

इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, जलूदहून पंपाने चढवून, क्लोरीन घालून. ते थेट टाकीत ओतायचं नाही. रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडं ठेवा किंवा थेंब घाला. नळ एक दिवसाआड येत असेल तर एक बादली कायम भरून ठेवायची सवय लावा, ऐन वेळी उपयोगी पडते.

बोअरिंगचं पाणी जड असतं, पण मेडाकाला ते चालतं. त्याला किंचित अल्कली पाणी आवडतंच. उलट आरओचं पाणी वापरू नका. त्यात क्षार नसतात आणि पीएच घसरतो.

नवी टाकी भरल्या भरल्या मासे सोडणं हा सगळ्यात जुना सापळा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू स्पंजमध्ये वस्तीला यायला तीन-चार आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाची चांगली चाललेली टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा मागून आणा, काम लवकर होईल. पुढे दर आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतला की जिवाणू गेले.

4. मासे घेताना

पहिल्या खेपेला साधे नारिंगी किंवा पांढरे घ्या. ‘योकिही’ (लालसर नारिंगी), ‘मियुकी’ (पाठीवर चांदीची चमकती पट्टी), ‘ओरोची’ (काळाकुट्ट) ही नावं ऐकून भुरळ पडते, पण हात बसेपर्यंत थांबा. आखूड, गोलमटोल अंगाचे ‘दारुमा’ दिसायला गोड. मात्र शरीराच्या ठेवणीमुळे त्यांचं मीलन नीट होत नाही आणि बरीच अंडी फळत नाहीत.

सहा ते आठ मासे घ्या. पाठ वाकडी, पोट आत गेलेलं, पंख मिटून कोपऱ्यात थांबलेला मासा असेल तर त्या टाकीतला दुसरा चांगला मासाही घेऊ नका. बाहेरगावाहून मागवायचे तर जुलै ते फेब्रुवारीच्या दरम्यान. एप्रिल-मेमध्ये बसच्या डिक्कीतून येणाऱ्या पार्सलची काय अवस्था होते ते सांगायला नको.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, निळ्या दिव्याखाली झगझगीत लाल चमकणारे मासे. यांत दुसऱ्या जिवाचा जनुक घातलेला असतो. 2023 मध्ये जपानमध्ये असे लाल चमकणारे मेडाका बेकायदा वाढवल्या-विकल्याबद्दल लोकांना अटक झाली होती, आणि आपल्याकडेही सरकारी मंजुरीशिवाय असे जीव ठेवता-विकता येत नाहीत. दोन, जपानला गेलेल्या नातेवाइकाकडून सामानात लपवून अंडी मागवणं. जिवंत मासे आणि त्यांची अंडी देशात आणायला आयातीचा परवाना आणि विलगीकरण लागतं.  इथल्याच माणसाकडून इथेच जन्मलेले मासे घेतले की हा प्रश्नच येत नाही, शिवाय ते आपल्या पाण्याला रुळलेले असतात.

5. घरी आणल्यावर

पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या. मग दर पाच-सात मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत. तासाभराने मासे नेटने उचलून टाकीत, पिशवीचं पाणी मोरीत. घरात आधीपासून मासे असतील तर नवे दोन आठवडे वेगळे ठेवा.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. वर तरंगणारं, चुरडलेलं. तळाशी बसलेलं खाद्य मेडाका फारसं उचलत नाहीत, ते तिथे कुजतं. पाणी 15 अंशांखाली गेलं की खाद्य कमी करा, 10 च्या खाली बंद. इंदूरला जानेवारीत बाहेरच्या टबात अशा रात्री येतात. घरातल्या टाकीत सहसा नाही.

एखादा मासा मरगळला, पंख चिकटल्यासारखे दिसले, तर औषधांच्या बाटल्यांआधी मीठ. वेगळ्या डब्यात लिटरला 5 ग्रॅम खडा मीठ, आठवडाभर. मेडाका खारट पाणी चांगलं सोसतो, हायड्रिलाला मात्र ते बाधू शकतं, म्हणून वेगळा डबा.

आणि एक अगदी आपल्याकडचा सापळा: डासांचं औषध. कॉइल, लिक्विड, स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड रसायनं माणसाला सौम्य असली तरी माशांना फार विषारी. टाकीच्या खोलीत ती लावू नका. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे विसरायला होतं.

6. नर-मादी ओळखा

हे वरून बघून होत नाही, काचेतून बाजूने बघावं लागतं. नराच्या पाठीवरच्या पंखाला मागच्या कडेला एक खाच असते आणि पोटाखालचा मागचा पंख रुंद, समांतरभुज चौकोनासारखा. मादीच्या पाठीच्या पंखाला खाच नसते, खालचा पंख मागे निमुळता होत जातो. दोन नरांना तीन माद्या किंवा एकाला दोन. नर जास्त झाले तर माद्यांचा पिच्छा पुरवतात.

रंगांची सरमिसळ करू नका. नारिंगी, काळे, पांढरे एकत्र ठेवले तर टाकी सुंदर दिसते, पण पुढची पिढी बहुतेक मातकट तपकिरी निघते, म्हणजे मूळ जंगली रंगाकडे परतते. मेडाकाच्या रंगांची आनुवंशिकता हा जुना विषय आहे. नराच्या वाय गुणसूत्रावरून रंगाचा जनुक बापाकडून मुलाकडे जातो हे तात्सुओ आयदा यांनी 1921 मध्येच याच माशात दाखवलं होतं.

7. दिवा लावा

टायमर 14 तासांवर लावा. सकाळी 6 ते रात्री 8 असा. अंडी घालण्याचं काम उजेड झाल्यानंतर लगेचच्या वेळात होतं, त्यामुळे माशांची पहाट तुम्ही तुमच्या सोयीने ठरवू शकता. उशिरा उठणाऱ्यांनी दिवा 7 ला लावावा, चहा घेताना मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस लटकलेला दिसेल. काही तास ती तो घेऊन फिरते, मग पानांवर किंवा लोकरीच्या झुपक्यावर घासून चिकटवते. तब्येत चांगली असेल तर रोज दहा ते तीस अंडी.

दिवा सुरू केल्यावर लगेच अंडी येत नाहीत. दोन-तीन आठवडे धीर धरा. या काळात खाद्य सढळ ठेवा, शक्य असेल तर जिवंत: डॅफ्निया, आर्टेमिया (दोन्ही पाण्यातले बारीक कवचधारी जीव), नाहीतर बादलीत आपोआप होणाऱ्या डासांच्या अळ्या. त्या तर हे मासे असे टिपतात की बघत राहावं.

8. अंडी वेगळी काढा

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची. मोठे मासे अंडीही खातात आणि पिल्लंही, आईबाप असले म्हणून सोडत नाहीत. म्हणून रोज किंवा एक दिवसाआड झुपका बाहेर काढून अंडी बोटांनी वेचायची. घाबरू नका, फळलेलं अंडं टणक असतं, चिमटीत फुटत नाही. जे फुटतं ते तसंही वाया गेलेलं. अंडी एकमेकांना बारीक चिकट तंतूंनी बांधलेली असतात. ओल्या तळव्यावर किंवा टिश्यू पेपरवर हलकेच गोल फिरवली की तंतू सुटतात आणि अंडी मोत्यांसारखी सुटी होतात. तंतू राहिले तर एका अंड्याची बुरशी सगळ्या घोसाला लागते.

मग श्रीखंडाच्या डब्यात दोन बोटं पाणी, त्यात अंडी. इथे नळाचं ताजं पाणी चालतं, त्यातल्या क्लोरीनने बुरशी आटोक्यात राहते आणि अंड्याच्या कवचाआड गर्भाला सहसा इजा होत नाही. रोज पाणी बदला. किंवा मेथिलिन ब्लूचा एखादा थेंब, पाणी फिकट आकाशी दिसेल इतकाच. पांढरी, धुरकट झालेली अंडी रोज ड्रॉपरने उचलून टाका. डोळे स्पष्ट दिसायला लागले की साध्या, क्लोरीन गेलेल्या पाण्यावर या.

आता ते भिंग काढा. मेडाकाचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं, मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचं. 25 अंशांना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बलकावर एक ठिपका उघडझाप करताना दिसतो, ते हृदय. मग डोळ्यांचे दोन काळे ठिपके. पांढऱ्या डब्यात ते नुसत्या डोळ्यांनीही कळतात. शेवटी शेवटी गर्भ अंड्यात पूर्ण वेढा घालून बसतो, अधूनमधून गर्रकन फिरतो, लालसर रक्त वाहताना दिसतं. घरात शाळेतलं पोर असेल तर डबा त्याच्या ताब्यात द्या.

फुटायला किती दिवस? पाण्याचं सरासरी तापमान गुणिले दिवस बरोबर सुमारे 250. म्हणजे 25 अंशांना 10 दिवस, 20 अंशांना 12-13. डब्यावर तारीख लिहून ठेवा. वेगवेगळ्या दिवसांची अंडी एकाच डब्यात घालत राहिलात तर आधी जन्मलेली मोठी पिल्लं नंतरच्यांना त्रास देतात.

9. पिल्लांचे पहिले पंधरा दिवस

पिल्लू चार-पाच मिलिमीटरचं, सुईच्या टोकाएवढं. दोन-तीन दिवस पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतं. त्यानंतर मरतात ती बहुतेक भुकेने. तोंड इतकं लहान असतं की बाजारातली भुकटीही मोठी पडते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे हिरवं पाणी. पारदर्शक बरणीत टाकीतून काढलेलं जुनं पाणी खिडकीतल्या उन्हात ठेवा, एक-दोन आठवड्यांत सूक्ष्म शेवाळाने हिरवं होतं. ही तयारी अंडी घ्यायच्या आधीच करा. पिल्लं अशा पातळ हिरव्या पाण्यात ठेवली की दिवसभर चरत राहतात. पोपटी चहासारखं पातळ हवं. गडद झालं तर रात्री शेवाळंच प्राणवायू संपवतं आणि सकाळी पिल्लं उलटी तरंगतात. जोडीला खाद्य खलबत्त्यात पिठासारखं कुटून, चिमटीच्या टोकावर येईल इतकं, दिवसातून चार-पाच वेळा. आठवडा-दहा दिवसांनी आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं देता येतात, आणि तिथून वाढ झपाट्याने होते.

फिल्टर नको, बुडबुडे नकोत. भांडं उथळ आणि रुंद. सेंटिमीटरभर झाली की आकाराप्रमाणे वेगळी करा. दोन सेंटिमीटर झाल्यावर मोठ्यांच्यात सोडायला हरकत नाही. उबदार पाण्यात, चांगल्या खाण्यावर अडीच-तीन महिन्यांत तीच अंडी द्यायला लागतात.

10. गच्चीवरचे टब

पहिला चांगला पाऊस पडून हवा निवली की बाहेर न्या. साठ-सत्तर लिटरचा रुंद टब किंवा सिमेंटची नांद. नवी सिमेंटची नांद असेल तर चुना सुटून पाण्याचा पीएच चढतो. महिनाभर पाणी भरा, ओता, पुन्हा भरा, मगच मासे. तळाशी धुतलेली जाड रेती, वर थोडी वनस्पती. दोन लिटरला एक मासा, यापेक्षा दाटी नको.

टबच्या काठाखाली चार बोटांवर भोकं पाडून त्यांना आतून जाळी लावा. माळव्यात रात्रीतून चार-पाच इंच पाऊस पडतो तेव्हा टब भरून वाहतो आणि मासे पन्हाळीतून थेट गल्लीत.

सिरपूर तलावातून किंवा नाल्याकाठून जलकुंभी उपटून आणू नका. तिच्या मुळांवर अंडी छान चिकटतात हे खरं, पण त्याच मुळांत चतुराच्या अळ्या असतात. ही अळी तळाशी दबा धरून बसते आणि पिल्लं एकेक करून संपवते. मासे कमी होताहेत आणि प्रेतं दिसत नाहीत, असं झालं की लोक मांजराला शिव्या देतात. आधी तळ चाळून बघा. खंड्या आणि वंचक बगळा यांच्यासाठी वर जाळी हवीच, मांजरासाठीही तीच. पावसाळ्यात वस्तीत डासांची धूरफवारणी होते त्या दिवशी टब पूर्ण झाका आणि धूर विरल्यावरच उघडा.

उन्हाळ्यात टब बाहेर ठेवणं भागच असेल तर: गच्चीच्या तापलेल्या फरशीवर नाही, विटांवर ठेवा. दक्षिण-पश्चिमेचं ऊन पूर्ण अडेल अशी हिरवी शेडनेट. काळ्या टबऐवजी थर्माकोलची पेटी. दुपारी पाणी 32 च्या वर जाऊ लागलं तर खाद्य कमी, हवा चालू. 35 दिसलं की आत घ्या. बर्फाच्या बाटल्या टाकून झटक्यात गार करू नका, तापमानाची उडी माशाला उन्हाइतकीच बाधते. घरात टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपली मेमधली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनानेच पाणी दोन-तीन अंश उतरतं. आटलेलं पाणी रोज भरत राहायचं. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

11. जास्त झाले तर

होतातच. पहिल्याच वर्षी. रंग आणि पाठीची ठेवण बघून पुढच्या विणीसाठी दहा-बारा निवडा, बाकी वाटा. एकाच घरातल्या माशांची पिढ्यान् पिढ्या वीण केली की वाकड्या पाठीची पिल्लं वाढतात, म्हणून ज्याला द्याल त्याच्याकडून वर्षाने दोन-चार मासे बदलून घ्या.

तलावात, नदीत, विहिरीत सोडू नका, डास खाईल या चांगल्या हेतूनेही नाही. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, तिथे आपले स्थानिक मासे आहेत. थंडी-ऊन दोन्ही सोसणारा परका मासा एकदा रुजला की निघत नाही. मेडाकाचे भाऊबंद आपल्याकडे आधीच आहेत. जुन्या मुंबई इलाख्यातल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात सापडणाऱ्या अशाच एका चिमुकल्या माशाचं वर्णन सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1940 मध्ये केलं होतं. तेव्हा त्याला होरायक्थिस सेटनाय नाव मिळालं, आता तो ओरायझियस सेटनाय म्हणून मेडाकाच्याच कुळात मोजला जातो. टब रिकामा करतानाही पाणी मलमलच्या फडक्यातून गाळा आणि झाडांना घाला, नालीत नको. फडक्यावर अंडी राहिली तर ती श्रीखंडाच्या डब्यात.

कुणाला मासे द्यायचे झाले तर आदल्या दिवशी खायला घालू नका, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा ठेवा, आणि सोबत तुमच्या टाकीतला स्पंजचा एक तुकडा द्या.